बोलण्याच्या कॅसेटसाठी घ्या, गाण्याच्या कॅसेटसाठी नको

निकाल आधीच सांगून टाकते. घरात माणसांच्या बोलण्याच्या कॅसेट पडून असतील, म्हणजे आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी, साखरपुड्यातले उखाणे, मुलांचे बोबडे बोल असं काही, तर त्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायला हा यूएसबी कॅसेट प्लेयर जरूर घ्या. गाण्याच्या असतील, त्यातही रागदारीच्या, तर घेऊ नका. त्यांच्यासाठी ओळखीपाळखीत एखादा चालू स्थितीतला जुना कॅसेट डेक शोधा आणि त्याचं लाइन-आउट, म्हणजे आवाज बाहेर काढायची जोडणी, लॅपटॉपला जोडा. या डब्यातली मोटर इतकी साधी आहे की तानपुऱ्याचा षड्ज तिच्यावर डुलत राहतो. बोलण्यात ते डुलणं कानाला फारसं लागत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण लिहून उपयोग नाही. हाच साचा, हीच बटणं, हेच पारदर्शक झाकण ऑनलाइन निरनिराळ्या नावांनी विकलं जातं. मला दीड हजाराच्या आसपास पडला. आकार जुन्या वॉकमनएवढा. खोक्यात प्लेयर, यूएसबीची वायर, एक हलका इअरफोन आणि छोटी सीडी येते. सीडीकडे बघूही नका, आजच्या लॅपटॉपला ती घालायला जागाच नसते आणि तिची गरजही नाही. वायर लावली की लॅपटॉप या डब्याला मायक्रोफोन समजतो. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्यात रेकॉर्डिंगसाठी हा मायक्रोफोन निवडा, कॅसेट सुरू करा. झालं. मात्र कॅसेट जितक्या मिनिटांची तितकीच मिनिटं लागतात, घाई चालत नाही. सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची असेल तर एक बाजू पाऊण तास.

आता मी हा कशासाठी घेतला ते सांगते, कारण त्याशिवाय या वस्तूचा खरा कस सांगता येणार नाही.

नागपूरच्या महाल भागात आमचा भाड्याचा वाडा होता. आता तिथं चार मजली स्कीम उभी आहे. मधे अंगण, अंगणात एकच नळ, आणि भोवती बिऱ्हाडं. माझी आजी आणि समोरच्या खोल्यांतल्या काकू यांचं त्या नळावर रोज भांडण व्हायचं. वरच्या मजल्यावरचा दादा तेव्हा बारावीला होता. १९८८ चा काळ. त्याच्या बाबांनी आखातातून आलेल्या कुणाकडून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र, घेतला होता. दादाचा अभ्यास होत नाही ही तक्रार घरमालकाकडे न्यायची, तर पुरावा हवा, म्हणून त्यांनीच त्याला सांगितलं की खिडकीत ठेव आणि रेकॉर्ड कर. दादानं केलं. पुढं परीक्षा संपली तरी करत राहिला.

परवा दादा पुण्याहून आला होता. आईचा फ्लॅट रिकामा करताना त्याला त्या कॅसेट सापडल्या. लेबलवर बॉलपेनानं लिहिलेलं, ‘नळ’. माझ्या हातात देत म्हणाला, "यात तुझी आजी आहे." आजी १९९८ मध्ये गेली. तिचे फोटो आहेत, लुगडी आहेत, पितळी डबा आहे. आवाज आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता.

दादानंच मला दुसरी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को शहरात, आमच्या वाड्यासारखंच काहीतरी घडलं होतं आणि ते जगभर पोचलं. त्यावर २०११ मध्ये मॅथ्यू बेट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकानं ‘शट अप लिटल मॅन!’ नावाचा माहितीपट केला, तो सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. मी तो शोधून पाहिला, आणि डोक्यात इतका बसला की हे परीक्षण लिहिताना त्याला वगळणं मला जमत नाही.

१९८७ मध्ये विस्कॉन्सिनहून दोन तरुण मित्र सॅन फ्रान्सिस्कोला राहायला आले. स्वतःला एडी ली सॉसेज आणि मिचेल डी. म्हणवतात. लोअर हेट भागात, स्टायनर स्ट्रीटवर, भडक गुलाबी रंगाच्या एका जुनाट इमारतीत त्यांना स्वस्त जागा मिळाली. पोटदुखीच्या गुलाबी औषधावरून त्यांनी इमारतीचं नाव ठेवलं पेप्टो-बिस्मॉल पॅलेस. भिंती पातळ. शेजारी दोन उतारवयाचे दारुडे, पीटर हॅस्केट आणि रेमंड हफमन. पीटर समलिंगी होता, रेमंडला समलिंगी लोकांचा राग, आणि तरीही दोघं एकाच खोलीत राहायचे. रात्र रात्र एकमेकांना शिव्या देत. आवाज कमी करा म्हणून सांगायला गेलेल्या मुलाला हफमननं जिवे मारायची धमकी दिली, आणि मग काही बरंवाईट झालं तर पुरावा असावा म्हणून या दोघांनी टेप लावली.

सुरुवात तिथंही पुराव्यापासूनच झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोणी शेजाऱ्याचं भांडण करमणुकीसाठी म्हणून पहिल्या दिवशी रेकॉर्ड करत नाही. आधी भीती असते, त्रास असतो, झोप मोडलेली असते. मग टेप परत ऐकताना एखादं वाक्य कानात अडकतं, ते मित्राला ऐकवावंसं वाटतं, आणि तिथून गोष्ट सरकते. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या मुलांनी पुढं मायक्रोफोन स्कीइंगच्या काठीला बांधून शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत नेला. तोवर पुराव्याची गरज मागं पडली होती.

टेपच्या प्रती मित्रांकडे गेल्या, मित्रांच्या मित्रांकडे गेल्या. इंटरनेट घराघरात यायच्या आधीची ही गोष्ट आहे. पाकिटातून, टपालानं, हातोहात. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आणि प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढलेली. ‘बनानाफिश’ नावाच्या मासिकानं त्या भांडणांचे उतारे छापले. डॅनियल क्लोजसारख्या नावाजलेल्या चित्रकारानं त्यावर कॉमिक काढलं. नाटक झालं, पुढं चित्रपट झाला, सीडी निघाली. संगीतकारांनी त्यातले तुकडे गाण्यांत वापरले. सुरुवातीला मुलांनी ही टेप कोणीही वापरावी, हक्क राखीव नाहीत असंच जाहीर केलं होतं. चित्रपटवाले दारात आले तेव्हा मात्र हक्क कोणाचा यावरून ओढाताण झाली. रेमंड हफमन १९९२ मध्येच गेला होता. पीटर हॅस्केट १९९६ मध्ये गेला.

माहितीपट बघताना मला सारखं वाटत होतं की या टेपा एवढ्या पसरल्या त्याला कारण आहे. ते आमच्या कॅसेटनं मला नीट दाखवलं, आणि ते दाखवण्याचं श्रेय या दीड हजारांच्या डब्याला मी मोकळ्या मनानं देते.

पहिल्यांदा लावली तेव्हा आवाज आजीचा वाटेना. बारीक, घाईचा, कुण्या पोरीचा वाटला. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे संशय लगेच वेगावर गेला. कॅसेटनं सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगानं सरकायला हवं. ही मोटर जास्त वेगानं ओढते. पण किती जास्त, हे कसं ठरवायचं? टू-इन-वन विजेवर लावलेला होता, आणि विजेवर चालणाऱ्या रेकॉर्डरमध्ये आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण थोडीफार उतरतेच. ती ५० वर आणि १०० वर दिसते. ऑडॅसिटीत प्लॉट स्पेक्ट्रम म्हणून सोय आहे, आवाजात कोणती कंपनं किती आहेत ते ती आलेखावर दाखवते, त्यात बघितलं तर १०० च्या शेजारी १०६ वर एक टोक होतं. १०० चं टोक लॅपटॉपच्या चार्जरचं, चार्जर काढला की ते गेलं. १०६ चं तसंच राहिलं. ते कॅसेटमधलं. म्हणजे डबा सहा टक्के पुढं पळतोय. गाणाऱ्यांच्या भाषेत काळी एकचा आवाज पांढरी दोनमध्ये जातो. ऑडॅसिटीच्या चेंज स्पीड अँड पिचमध्ये जाऊन साडेपाच-पावणेसहा टक्के हळू करायचं.

यात एक खोच आहे, ती लक्षात ठेवा. त्या काळात आपल्याकडची वीज ५० वर ठाम नसायची, भार वाढला की खाली यायची. त्यामुळे हा हिशेब तुम्हाला जवळपास नेतो, शेवटचं बोट कानानंच लावायचं. मी थोडं थोडं फरक असलेल्या फायली करून धंतोलीच्या आत्याला ऐकवल्या. तिनं डोळे मिटून ऐकल्या आणि एका फायलीवर म्हणाली, "हां, आता आई बोलून राह्यली."

डब्याच्या आत वेग कमीजास्त करायचा बारीक स्क्रू असतो म्हणतात. माझ्या डब्यात तो बाहेरून पोचण्यासारखा नाही, आणि सॉफ्टवेअरमध्ये काम होत असताना डबा उघडायचं कारणही नाही.

दुसरी गोष्ट. डावी आणि उजवी बाजू सारखी येत नाही. दादाच्या टू-इन-वनचं रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं आहे. तुमचंही तसंच असेल तर स्टिरिओ ट्रॅक फोडून ज्या बाजूची खरखर कमी ती ठेवा, दुसरी टाकून द्या. आवाजाची चाकी निम्म्याच्या खाली ठेवा. वर नेली तर मोठ्या आवाजाचे शेंडे कापले जातात आणि ते नंतर कशानंही दुरुस्त होत नाहीत. भांडणाच्या कॅसेटला ही काळजी जास्त, कारण हळू आणि मोठ्या आवाजात अंतर फार असतं.

आता जे मला या कॅसेटमध्ये ऐकू आलं ते.

"काहून वो, माही बादली कोनं सरकवली?" ही आजी.

"म्याच सरकवली. रातीपासून बादल्या लावून ठेवतेत काय कोनी?"

"ठेवतेत! तुह्या सासूनं बी ठेवल्या होत्या!"

"मंग नळ का तुमच्या बापानं आनला का गोरेवाड्याहून?"

गोरेवाडा म्हणजे नागपूरला पाणी पुरवणारा तलाव. इथं बादली आपटल्याचा आवाज येतो आणि मग दोघी एकदमच बोलायला लागतात. नाटकात भांडण असतं तेव्हा एक नट बोलून होईपर्यंत दुसरा थांबतो. कितीही चांगला नट असो, थांबतोच, कारण प्रेक्षकांना ऐकू जायला हवं. इथं कोणी थांबत नाही. तरी नीट कान दिला तर कळतं की आजी काकूंच्या ज्या वाक्याला उत्तर देते आहे ते काकूंचं वाक्य अजून पुरं झालेलंच नाही. तिला ते पुढं कुठं जाणार हे ठाऊक आहे. वर्षानुवर्षं रोज पहाटे भांडलेल्या बायकांनाच हे जमतं. लेखकाला टेबलाशी बसून हे सुचणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या दोन म्हाताऱ्यांच्या टेपांवर नाटकवाले, चित्रकार, गाणीवाले तुटून पडले ते याच्यासाठी, असं माझं मत आहे. त्यांना बोलण्याची अशी लय आयती मिळाली जी घडवता येत नाही.

आणखी एक. त्या काळच्या टू-इन-वनमध्ये आवाज आपोआप सांभाळायची सोय असायची, ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल. मोठा आवाज आला की यंत्र स्वतःचा कान आखडतं, शांत झालं की हळूहळू परत पसरतं. त्यामुळे भांडण चालू असतं तेव्हा बाकीचा वाडा गायब. भांडणाऱ्यांचा श्वास संपला, बादली भरायला लागली, की दोन-तीन सेकंदांत खरखर वाढते आणि तिच्यासोबत अंगण वर येतं. चिमण्या. कोणाच्या तरी रेडिओवरची बातमी. सायकलची घंटी. माझ्या आईचा खोकला, बहुतेक आमच्या सैपाकघरातून. मग आजी परत सुरू होते आणि सगळं बुडतं. हे मी कितीदा ऐकलं असेल सांगता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढायची सोय आहे, नॉइज रिडक्शन. ती अशा कॅसेटला लावू नका, हा माझा कळकळीचा सल्ला आहे. खरखरीबरोबर अंगणही जातं.

आणि पडसाद. या कॅसेट माळ्यावर होत्या, नागपूरच्या कैक उन्हाळ्यांत, जिथं मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीसच्या वर जातं. उष्णतेनं गुंडाळलेल्या फितीच्या एका थरावरचं चुंबकन शेजारच्या थरावर उमटतं. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ, तिच्यात हे जास्त. परिणाम असा की आजीचं ओरडणं येण्याच्या दोनेक सेकंद आधी तेच ओरडणं पुसटसं ऐकू येतं. शांत जागेत तर स्पष्टच. यंत्राचा यात दोष नाही, कोणत्याही डेकवर ते येणार. पण इअरफोन लावून ऐकणाऱ्याला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. आणि तुमच्या कॅसेट माळ्यावर असतील तर आजच खाली काढा, उभ्या ठेवा, जाडसर भिंतीच्या कपाटात ठेवा.

आता मारबतीचं. नागपूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासूनची परंपरा. महाल-इतवारीतून मिरवणूक जाते, "ईडा, पीडा घेऊन जाय गे मारबत" ओरडत, आणि सोबत बडगे असतात, गल्लोगल्लीच्या पोरांनी केलेले पुतळे, ज्यांच्या गळ्यात त्या वर्षीच्या रागाची पाटी असते. महागाई, पुढारी, खड्डे, पाणी. दादाच्या कॅसेट तोवर गल्लीतल्या पोरांनी ऐकल्या होत्या. त्या वर्षी आमच्या गल्लीच्या बडग्याच्या गळ्यात पाटी होती, ‘नळ का तुमच्या बापानं आनला का गोरेवाड्याहून?’ काकूंचं वाक्य, आता पाणी न सोडणाऱ्यांना उद्देशून. लोकांनी ते उचललं. क्रिकेट खेळताना बॅट मागितली की पोरं म्हणायची, बॅट का तुमच्या बापानं आनली का. दुकानात उधारीवरून तेच. महालातल्या आमच्या चार गल्ल्यांत एका बाईच्या पहाटेच्या रागाचं वाक्य म्हणीसारखं फिरत होतं, आणि ते कोणाचं आहे हे बहुतेकांना माहीत नव्हतं.

माझ्या मते त्यात वाईट काही नव्हतं. राग होता, पाण्याचा होता, खरा होता, आणि तो जिथं पोचायला हवा तिथं पाटीवर चढून गेला. काकूंनी पाटी पाहिली होती आणि त्या हसल्याही होत्या.

गणपतीत वेगळं झालं. आरती झाली, ऑर्केस्ट्राच्या पोरांना यायला उशीर होता, आणि मंडळाच्या कोणीतरी ती कॅसेटच भोंग्यावर लावली. वाक्य नव्हे, अख्खं भांडण. त्यात आजी काकूंना मूल न राहण्यावरून बोलली होती ते, आणि काकू आमच्या आजोबांच्या दारूवरून बोलल्या होत्या ते. मी चौथीत होते, मांडवात पुढच्या रांगेत. लोक हसत होते. मी वळून बघितलं तर आजी वाड्याच्या दारात आली होती आणि तिच्या पलीकडे काकू. मंडळाच्या एका वडीलधाऱ्यानं धावत जाऊन कॅसेट बंद केली.

दुसऱ्या दिवसापासून नळावर भांडण झालं नाही. आजी आम्ही उठायच्या आधीच पाणी भरून ठेवू लागली. काकू नंतर यायच्या. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि घरातल्या मोठ्यांना याचंच जास्त वाईट वाटायचं, कारण भांडणाच्या दिवसांत त्यांच्यात लोणच्याची वाटी तरी इकडून तिकडे जायची. आजी आजारी पडली तेव्हा काकू आल्या, मेयो हॉस्पिटलात तिच्याजवळ रात्रभर बसल्या. मधली कित्येक वर्षं मात्र गेली ती गेली.

म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या टेपांबद्दल लोक जेव्हा नुसतं म्हणतात की व्हायरल व्हायच्या आधीचं हे पहिलं व्हायरल, तेव्हा मला पुढं विचारावंसं वाटतं. माहितीपटात एडी आणि मिचेल बोलतात, कलाकार बोलतात, चाहते पाठ झालेली वाक्यं म्हणून दाखवतात. तो चित्रपट चांगला आहे, प्रामाणिक आहे, आणि त्या मुलांना सोडूनही देत नाही. तरी मी तो बघत होते ती भोंग्याखालच्या बाजूनं. त्या गुलाबी इमारतीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या भांडणात दारू होती, आजार होता, एकमेकांशिवाय जगता न येणं होतं. त्यातलं वाक्य घेऊन गाणं केलंत, कॉमिक काढलंत, माझी हरकत नाही. वाक्य सुटून आलं की ते सगळ्यांचं होतं, आमच्या पाटीसारखं. अख्खी रात्र विकायला काढता तेव्हा ज्याची रात्र आहे त्याला विचारलं पाहिजे, तो जिवंत असेतोवर, शुद्धीत असेतोवर. २०२० मध्ये आपल्याकडे हिंदी मालिकेतल्या सासूचा एक संवाद कोणी तालात बसवला आणि देशभर वाजला. तिथं बोलणारी नटी होती, लिहिणारा लेखक होता, कॅमेरा समोर होता. शेजारच्या खिडकीतून घेतलेल्या आवाजाचं तसं नसतं.

माझा भाचा हे ऐकून म्हणाला, "मावशी, रील कर, उडेल." त्याला मी बसवून अख्खी बाजू ऐकवली. मग तो काही म्हणाला नाही.

काकूंनी पुढं एक मुलगी दत्तक घेतली होती. ती आता अमरावतीला असते. तिला फोन केला, सांगितलं की तुझ्या आईचा आवाज माझ्याकडे आहे, त्यात असं असं आहे, ऐकायचा का. ती म्हणाली, आधी ते वाक्य ऐकव. गोरेवाड्याचं. ऐकवलं. ती खूप हसली, मग म्हणाली, आता सगळं पाठव. नंतर आमचं बोलणं झालं आणि ठरलं ते असं: फायली दोन घरांत राहतील, इंटरनेटवर जाणार नाहीत. गोरेवाड्याचं वाक्य तेवढं कोणीही वापरावं, तिनं तशी परवानगी दिली आहे, म्हणूनच ते इथं लिहिलं. आजीनं काकूंना आणि काकूंनी आजोबांवरून काय म्हटलं ते शब्द मी लिहिलेले नाहीत, तेही तिला विचारूनच.

दादालाही मी सांगितलं की तू हे केलंस म्हणून आज आमच्याकडे आवाज आहे. हे मी मनापासून म्हणते. बारावीतल्या पोरानं खिडकीत टू-इन-वन ठेवला नसता तर माझी आजी माझ्या मुलीसाठी नुसता फोटो राहिली असती. आता तिला पणजीचं "काहून वो" माहीत आहे, आणि ती ते घरात वापरते.

राहिलेल्या कामाच्या गोष्टी. सेल घालून चालवू नका, सेल उतरत आले की वेग आणखी भरकटतो. वायरनंच वीज द्या. बाजू संपल्यावर आपोआप थांबणं माझ्या डब्यात कधी होतं, कधी होत नाही, म्हणून जवळ बसा. जुनी कॅसेट लावायच्या आधी पेन्सिलीनं एकदा पुढं-मागं पूर्ण फिरवून घ्या, चिकटलेली फीत सुटते. आतली छोटी स्पंजची गादी निघून पडली असेल तर आवाज घुसमटल्यासारखा येतो. फालतू कॅसेटमधली गादी काढून तिथं चिकटवा. वरच्या कडेच्या दोन्ही चकत्या तुटलेल्या नसतील तर तोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसऱ्या कुठल्या यंत्रात काही रेकॉर्ड होणार नाही. फाइल आधी डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, एमपी३ नंतर करा.

पाचपैकी चार तारे. एक वेगासाठी कापला. नागपुरात कोणाकडे बोलण्याच्या कॅसेट असतील आणि हा डबा विकत घ्यायचा नसेल तर खाली लिहा, मी वापरायला देईन. लॅपटॉप तुमचा आणा.